शेळ्यांच्या वाड्यापाशी पहाटे हाती घ्यायची रायफल

"दादा, नमस्कार. चार वर्षांपूर्वी आम्ही टेक्ससमध्ये जंक्शन गावाच्या पुढे ११० एकर जागा घेतली. नवरा आठवड्यातले चार दिवस ऑस्टिनला नोकरीवर असतो, त्यामुळे बेचाळीस बोअर शेळ्या आणि सहा गाई बहुतेक माझ्याच अंगावर. जानेवारीत कायोटींनी, म्हणजे इथल्या कोल्ह्यासारख्या जनावरांनी, तीन करडं नेली. ओढ्याकाठचं ओटचं शेत रानडुकरं एका रात्रीत उकरून टाकतात. हरणाचं मांस आम्ही खातो, पण आजवर शेजाऱ्यांनी दिलेलं. आता स्वतः शिकार करावी असं वाटतं. मला एक छोटी, हलकी बोल्ट-ॲक्शन रायफल घ्यायची आहे. माझी उंची पाच फूट एक इंच, चष्मा आहे. वाड्यापासून ओकच्या राईपर्यंत १४० यार्ड, हरणांना दाणे टाकायचा फीडर ९० यार्डांवर, लांबात लांब मोकळी जागा म्हणजे ओढ्याचा उतार, २२० यार्ड. शेजारचा रँचर म्हणतो, .३०८ काडतुसाची घे. दुकानदार म्हणाला, .३०० विंचेस्टर मॅग्नम घ्या, नीलगाईपर्यंत सगळं होईल. नवऱ्याचा मित्र .३०० ब्लॅकआउट आणि सायलेन्सर सुचवतो. डोकं चक्रावून गेलंय. शिवाय इथे चितळं फिरतात, आणि ती मारायला माझा हात धजत नाही. डिसेंबरात सासरे येणार आहेत. धाकटा दीर एच-वन-बीवर डॅलसला असतो. दोघांनाही नेमबाजीची हौस आहे. मला ग्रीन कार्ड मिळालेलं आहे. मुलगा नऊ वर्षांचा. काय घेऊ?"

ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. सगळे काडतुसापासून सुरुवात करतात, पण मला तुमच्या पत्रातला सगळ्यात कामाचा शब्द वाटला तो 'पाच फूट एक इंच'. रायफल तुमच्या खांद्याला बसते की नाही, हे आधी ठरू द्या. काडतुसाचं नंतर बघू.

दस्त्याच्या मागच्या टोकापासून चापापर्यंतचं अंतर बाजारातल्या बहुतेक रायफलींत साडेतेरा ते पावणेचौदा इंच असतं. हे माप उंच, लांब हातांच्या पुरुषाचं. तुमच्या उंचीच्या माणसाने तीच रायफल उचलली की मान पुढे ताणावी लागते, पाठ मागे झुकते आणि नळीचं सगळं वजन पुढच्या हातावर येतं. त्यात थंडीचं जाड जाकीट घातलं की आणखी इंचभर वाढलंच. डोळा स्कोपच्या मागे नीट जागेवर येत नाही. मग माणूस गाल पुढे रेटतो, आणि बार झाला की स्कोपची कड भुवईवर आपटते. भुवईवर अशी चंद्रकोर घेऊन फिरणारे शिकारी मी इथे पुष्कळ पाहिलेत. तुम्हाला साडेबारा इंचांच्या आसपासचा दस्ता हवा.

दुकानात जाताना तेच जाकीट घालून जा. ऑगस्ट असला तरी. दुकानदाराकडून रायफल रिकामी असल्याची खात्री करून घ्या, स्वतः बोल्ट, म्हणजे हाताने मागेपुढे ओढायचा दांडा, उघडून बोटाने चाचपा, आणि कुठल्या भिंतीकडे रोखायची ते विचारा. मग डोळे मिटा. मिटल्या डोळ्यांनी रायफल खांद्याला लावा, गाल दस्त्यावर टेकवा, आणि आता डोळे उघडा. स्कोपमध्ये पूर्ण गोल, स्वच्छ चित्र दिसलं तर ती तुमच्या मापाची. कडेला काळी कोर दिसली आणि मान हलवून ती घालवावी लागली, तर दुसरी बघा. हे दहा वेळा करा. लोक बघतील, बघू देत. पहाटे साडेपाचला वाड्यापाशी शेळ्या ओरडत असताना मान हलवायला वेळ मिळत नाही.

आता दुकानदाराच्या .३०० मॅग्नमबद्दल. हे मी स्वतः भोगलंय, म्हणून जरा सविस्तर सांगतो. टेक्ससमध्ये आलो त्या वर्षी एका दुकानात मला हेच सांगितलं गेलं: मोठं घ्या म्हणजे पुढे प्रश्न नको. मी घेतलं. पहिल्या वीस गोळ्यांतच खांदा निळा झाला, आणि मला न कळत एक खोड लागली. चाप दाबायच्या क्षणी डोळे मिटायचे आणि नळीला खाली हिसका बसायचा. नोव्हेंबरात हरणाच्या एका मादीवर ११० यार्डांवरून बार टाकला. गोळी खांद्यामागे लागायची ती पोटात लागली. संध्याकाळी सहापासून रात्री दीडपर्यंत टॉर्च घेऊन मी रक्ताचे थेंब शोधत सीडरच्या झुडपांतून फिरत होतो. एका पानावर एक, मग वीस पावलांवर दुसरा. सापडली तेव्हा ती बसलेली होती आणि मान वर होती. ती मान मला अजून दिसते. ती रायफल मी त्याच महिन्यात विकली.

पुढे एका म्हाताऱ्या रँचरने मला दोष कुठे आहे ते दाखवलं. त्याने माझ्या पाठीमागे रायफल भरली, कधी खरं काडतूस तर कधी खोटं, आणि हातात दिली. खोट्या काडतुसावर चाप दाबला तेव्हा बार झालाच नाही, पण नळीचं तोंड वीतभर खाली गेलेलं सगळ्यांनी पाहिलं. तुम्ही सराव सुरू केलात की नवऱ्याकडून ही परीक्षा दर महिन्याला करून घ्या. दुकानातून 'स्नॅप कॅप' मागा, म्हणजे नकली काडतूस मिळेल.

नीलगाईचं म्हणाल तर तो विषयच सोडा. आपल्या विदर्भातली रोही इथे आहे ती दक्षिण टेक्ससच्या किनारपट्टीकडे, किंग रँचच्या परिसरात. तिथे ती गेल्या शतकात आणून सोडली. पावणेतीनशे किलोपर्यंत भरणारा नर पाडायला मोठं काडतूस लागतं, हे खरं. पण तुमच्या वाड्यापाशी तो येणार नाही. जे जनावर तुमच्याकडे नाही त्याच्यासाठी रोज खांदा शेकवून घेऊ नका.

तुमच्या शेजाऱ्याचं .३०८ वाईट नाही. १९५२ पासून ते जगभर चालतंय आणि प्रत्येक दुकानात मिळतं. पण सहा-साडेसहा पौंडांच्या छोट्या रायफलीत त्याचा धक्का चांगला जाणवतो, आणि आखूड नळीतून त्याचा आवाज आणि तोंडाशी उठणारा जाळ नवशिक्याला दचकवतो. म्हणून माझं मत .२४३ विंचेस्टरकडे जातं. ते .३०८चंच भावंड आहे. तीच पितळी बाटली, फक्त मान ६ मिलिमीटरच्या गोळीसाठी आवळलेली. १९५५ साली आलं आणि तेव्हापासून इथल्या कित्येक पोरांनी पहिलं हरीण त्यानेच मारलं. धक्का .३०८च्या साधारण निम्म्यावर येतो. तुमच्या भागातली व्हाइटटेल हरणं तशी लहानखुरी, पन्नास किलोच्या आसपासची. त्यांना .२४३ पुरून उरतं. चितळाचा मोठा नर नव्वद किलोपर्यंत जातो. त्यालाही चालतं, पण गोळी चांगली हवी आणि खांद्यामागे जागेवरच लागायला हवी. रानडुकराचंही तसंच. जुन्या नराच्या खांद्यावर चिवट कातडीची ढाल असते, त्यामुळे तिथे हलकी, फुटणारी गोळी वापरायची नाही.

१६ इंचांची 'रुगर अमेरिकन रँच' ही रायफल तुम्हाला पहिल्यांदा दाखवतील. ती चांगली आहे, आटोपशीर आहे, पण .२४३मध्ये मिळत नाही. त्या छोट्या नळीला शोभणारी काडतुसं म्हणजे .३०० ब्लॅकआउट, ७.६२x३९, ६.५ ग्रेंडेल, .३५० लेजंड. तुमचं सगळं काम वाड्याभोवती शंभर यार्डांच्या आत असतं, तर मीच ७.६२x३९ सुचवलं असतं. पण ओढ्याचा उतार २२० यार्डांवर आहे आणि १४० यार्डांवर कायोटी उभी राहणार, तिथे .२४३ सरळ जातं. आणखी एक गोष्ट. तुमच्या गावातल्या खाद्य-औषधांच्या दुकानात शिकारीच्या हंगामात शेल्फवर काय उरतं ते एकदा बघून या. .२२३, .२४३, .३०८, .३०-३० हमखास असतात. ग्रेंडेलसाठी मात्र कदाचित ऑनलाइन मागवून आठवडाभर वाट बघावी लागेल.

नवऱ्याच्या मित्राला एक निरोप द्या. .३०० ब्लॅकआउट घ्यायचं आणि घरात .२२३ची रायफलही असेल, तर दोन्ही काडतुसं कधीही एका डब्यात, एका खिशात, एका ट्रकमध्ये ठेवू नका. ब्लॅकआउटचं काडतूस .२२३च्या नळीत शिरतं, बोल्ट बंदही होऊ शकतो, आणि बार झाला की रायफल हातात फुटते. हे ऐकीव नाही, असे अपघात झालेले आहेत. तुमच्या घरात आत्ता एकही रायफल नाही. तुम्ही एकच काडतूस ठरवलंत तर हा धोका दारातच थांबतो.

मग रायफल कोणती? पहिली 'रुगर अमेरिकन'ची कॉम्पॅक्ट आवृत्ती हातात घेऊन बघा. नळी १८ इंच, दस्ता साडेबारा इंचांचा, वजन स्कोपशिवाय सहा पौंडांच्या आसपास, सेफ्टीचा खटका अंगठ्याखाली. नव्या दुसऱ्या पिढीत दस्त्याची लांबी कमी-जास्त करता येते, ते मुलगा मोठा झाल्यावरही उपयोगी पडेल. दिसायला साधी, प्लॅस्टिकचा दस्ता, पण निशाणा सरळ. पैसे जास्त खर्चायची तयारी असेल तर फिनलंडची 'टिक्का टी-थ्री-एक्स' कॉम्पॅक्ट बघा. तिचा बोल्ट ओढून पाहिलात की पैसे कशाचे ते कळतं, काचेवर काच सरकावी तसा सरकतो. या दोन्हींत बोल्टची मूठ फार उचलावी लागत नाही, त्यामुळे जाड हातमोजे घातलेला हात स्कोपला अडकत नाही. वापरलेली 'रेमिंग्टन मॉडेल सेव्हन' चांगल्या अवस्थेत मिळाली तर तीही नाकारू नका. फक्त दस्त्याची लांबी मोजून घ्या. लांब असली तर बंदूक-दुरुस्तीवाला तो कापून मागे रबर बसवून देतो.

नळी १८ इंचच का, १६ का नको, असं तुम्ही विचाराल. १६ इंचांपेक्षा आखूड नळी इथल्या केंद्रीय कायद्यात वेगळ्या नोंदणीखाली येते, म्हणून कंपन्या १६ला थांबतात. .२४३मध्ये दारू भरपूर असते. नळी आखूड केली की ती बाहेर जळते, आवाज वाढतो आणि वेग घटतो. २४ इंचांच्या नळीतून जो वेग डब्यावर छापलेला असतो, त्यातून १८ इंचांत सेकंदाला दीडशे फुटांच्या आसपास कमी होतात. दोनशे यार्डांपर्यंत हरणाला हा फरक कळत नाही. आणि एकूण लांबी ३७ इंचांच्या आसपास आली की पिकअपमधून उतरताना नळी दाराला आपटत नाही, फाटकाची साखळी एका हाताने काढता येते.

सायलेन्सर नंतर बघा, पण बघा जरूर. नळीच्या तोंडाला आटे पाडलेली रायफल आत्ताच घेऊन ठेवा. १९३४च्या कायद्याने त्यावर दोनशे डॉलर कर होता, तो १ जानेवारी २०२६ पासून शून्य झालाय. पण नोंदणी, बोटांचे ठसे, मंजुरीची वाट बघणं हे सगळं तसंच आहे. आणि सायलेन्सर लावला म्हणून आवाज नाहीसा होत नाही. .२४३ची गोळी आवाजाच्या वेगापेक्षा कितीतरी जोरात जाते, तिचा कडकडाट राहतोच. तोवर इलेक्ट्रॉनिक इअरमफ घ्या. ते बार झाल्याचा आवाज दाबतात, पण शेळीचं ओरडणं, पानांची सळसळ मोठी करून ऐकवतात. वाड्याच्या दाराला ते खुंटीवर टांगून ठेवा, नाहीतर घाईत विसरतात. मी एकदाच विसरलो. उजव्या कानात आजही बारीक शिट्टी वाजते.

स्कोप मोठा नको. दोन ते सात पट किंवा तीन ते नऊ पट मोठं दाखवणारा साधा स्कोप पुरे, आणि वापरताना तो कायम सर्वांत कमी पटीवर ठेवायचा. जवळून डुक्कर पळालं आणि स्कोप नऊवर असला तर त्यात नुसते केस दिसतात. तुम्हाला चष्मा आहे म्हणून एक गोष्ट विसरू नका. स्कोप बसवल्यावर चष्मा घालूनच मागची काच फिरवा, आतली फुली काळी कुळकुळीत दिसेपर्यंत. आकाशाकडे किंवा पांढऱ्या भिंतीकडे एक-दोन सेकंद बघून लगेच डोळा काढायचा. टक लावून बघत बसलात तर डोळा स्वतःच जुळवून घेतो आणि फसवतो. स्कोप डोळ्यापासून निदान साडेतीन इंच लांब बसवून घ्या, चष्म्याच्या काचेचा विचार करून.

निशाणा जुळवताना १०० यार्डांवर गोळी दोन इंच वर लागू द्या. म्हणजे ती २००च्या आसपास बरोबर मध्यावर येते आणि वाड्यापासून ओढ्यापर्यंत तुम्हाला कुठेच हिशोब करावा लागत नाही. पहिलं वर्षभर २२० यार्डांवर बार टाकू नका. तो उतार तुमच्या आवाक्यात येईल, पण आधी ९० यार्डांवरच्या कागदी ताटलीत पाचपैकी पाच गोळ्या लागू देत.

गोळी तांब्याची घ्या, ८० ते ८५ ग्रेनची, म्हणजे साधारण सव्वापाच ते साडेपाच ग्रॅमची. हरणाचं मांस तुम्ही आणि मुलगा खाणार आहात. शिशाची गोळी आत फुटते आणि तिचे कण जखमेपासून लांबपर्यंत मांसात पसरतात, डोळ्यांना न दिसणारे. कॅलिफोर्नियाने १ जुलै २०१९ पासून शिकारीत शिसं बंदच केलं. टेक्ससमध्ये सक्ती नाही, पण घरातल्या पातेल्यात जाणाऱ्या मांसाला सक्तीची वाट कशाला बघायची? आणि एकदा एक गोळी ठरली की कायोटी, डुक्कर, हरीण सगळ्यांना तीच. दोन प्रकारच्या गोळ्या ठेवल्या की दोन वेगळ्या जागी लागतात.

सोबत एक .२२ बोल्ट-ॲक्शन घ्या, कॉम्पॅक्टच. सराव तिच्यावर करा. गोळ्या स्वस्त आहेत आणि धक्का नाही, त्यामुळे खोडी लागत नाहीत. फक्त तिने हरणावर बार टाकायचा नाही. टेक्ससमध्ये व्हाइटटेलसाठी रिमफायर, म्हणजे .२२सारखं, काडतूस बेकायदा आहे, आणि तसं नसतं तरी ते क्रूरच झालं असतं.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगतो. ग्रीन कार्डवर तुम्ही रायफल घेऊ शकता. दुकानात ४४७३ नंबरचा फॉर्म भरावा लागतो आणि तिथल्या तिथे पार्श्वभूमी तपासली जाते. हंटर एज्युकेशनचा अभ्यासक्रम २ सप्टेंबर १९७१ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या सगळ्यांना शिकारीसाठी बंधनकारक आहे. मोठ्यांना तो ऑनलाइन करता येतो. पण तुमचा मुलगा नऊ वर्षांचा आहे आणि प्रमाणपत्रासाठी नऊच वर्षं लागतात, म्हणून तुम्ही दोघं समोर बसून करायच्या वर्गाला एकत्र जा. खासगी जमिनीवर जमीनमालकाच्या परवानगीने रानडुकरं मारायला सप्टेंबर २०१९ पासून शिकारीचा परवाना लागत नाही, आणि रात्रीही मारता येतात. हरणांचं तसं नाही. परवाना हवा, हंगाम हवा, आणि वेळ सूर्योदयाआधी अर्ध्या तासापासून सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापर्यंतच. रात्री डुकरांमागे जाणार असाल तर तुमच्या भागातल्या गेम वॉर्डनला, म्हणजे शिकारीवर देखरेख ठेवणाऱ्या अधिकाऱ्याला, आधी फोन करून ठेवा. अंधारात दिवे फिरताना दिसले की त्याला चोरट्या शिकाऱ्यांचाच संशय येतो.

रात्री बार टाकण्याबद्दल माझा एकच आग्रह. डुकराच्या मागे काय आहे ते दिवसा जाऊन बघून ठेवलेलं असेल त्याच दिशेला चाप दाबा. तुमच्या भागातला चुनखडक गोळी उसळवतो. ओढ्याच्या पलीकडे मातीचा चढ असेल तर ती दिशा चांगली. शेजाऱ्याचं घर, रस्ता, तुमचीच गाय जिकडे असू शकते त्या दिशा कायमच्या वर्ज्य. वाड्याच्या खांबावर पांढऱ्या रंगाने दोन रेघा मारा. बार त्या दोघींच्या मधेच. डुक्कर पडलं की हातमोजे घातल्याशिवाय सोलायचं नाही, त्यांच्यात ब्रुसेलोसिस नावाचा रोग असतो आणि तो माणसाला होतो. मांस आतपर्यंत ७१ अंश सेल्सिअस होईल इतकं शिजवा. आपला रस्सा तेवढा शिजतोच, पण निखाऱ्यावर भाजताना थर्मामीटर वापरा.

तीन करडं गेली त्याचा खरा इलाज रायफल नाही, ताई. कायोटी रात्री दोनला येते आणि तुम्ही झोपलेल्या असता. हल्ला करणारी कायोटी मारायची मुभा तुम्हाला आहे, त्यासाठी परवानाही लागत नाही, पण ती दिसली तर. ग्रेट पिरनीज किंवा अनातोलियन जातीची दोन कुत्री घ्या, शेळ्यांत वाढलेली. पाळीव म्हणून घरात घेऊ नका, वाड्यातच राहू देत. रायफलीइतकेच पैसे जातील, आणि कायोटी दूर राहतील त्या कुत्र्यांमुळे. दोन्ही घ्यायला पैसे नसतील तर आधी कुत्री घ्या. हे मी अगदी विचार करून लिहितोय.

चितळांचं तुम्ही लिहिलंत, ते मला फार जवळचं वाटलं. ताडोबात पाहिलेली चितळं डोक्यात असतात, १९७२च्या कायद्याने संरक्षण दिलेली, माकडांबरोबर झाडाखाली उभी असलेली. इथे तीच जात १९३२ साली आणली गेली, कुंपणांतून सुटली, आणि आता हिल कंट्रीत, म्हणजे तुमच्याच डोंगराळ भागात, मोकळी फिरते. टेक्ससच्या कायद्यात ती परदेशी जनावरं. परवाना असला की वर्षभर मारता येतात, संख्येची मर्यादा नाही. गवतही खातात आणि झुडपांचा पालाही. व्हाइटटेलला गवत नीट पचत नाही, त्यामुळे पाला संपला की ते उपाशी राहतं आणि चितळ तगतं. म्हणून इथले बरेच जमीनमालक चितळं कमी करतात, आणि मांसही फार चांगलं असतं. मी स्वतः मारतो. पण तुमचा हात धजत नाही तर मारू नका. त्यात कमीपणा नाही, आणि त्याने तुमचं रान लगेच उजाड होणार नाही. मन नसताना टाकलेला बार चुकतो, तो कसा चुकतो ते वर लिहिलंय.

मुलगा घरात आहे, तेव्हा तिजोरी रायफलीच्या आधी घ्या. टेक्ससमध्ये सतरा वर्षांखालच्या मुलाच्या हाती भरलेली बंदूक लागली, तर ती निष्काळजीपणे ठेवणाऱ्यावर गुन्हा येतो. रायफल तिजोरीत, गोळ्या दुसऱ्या कुलपात, आणि बोल्ट काढून तिसऱ्या जागी. बोल्ट-ॲक्शनचं हे मोठं सुख आहे, बोल्ट काढला की उरतं ते नुसतं नळकांडं. ट्रकमध्ये नेताना नळीत काडतूस नाही, हा नियम नवऱ्यालाही. आणि मुलाला रायफल दाखवा, लपवू नका. तुमच्यासमोर, बोल्ट उघडा ठेवून, त्याने कितीही वेळा मागितली तरी. म्हणजे ती पाठीमागून शोधायची ओढ राहत नाही.

आता सासरे आणि दीर. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याप्रमाणे स्थलांतरित नसलेल्या व्हिसावर आलेल्या माणसाने बंदूक किंवा गोळ्या नुसत्या हातात घेणंसुद्धा गुन्हा ठरू शकतं. एच-वन-बी त्यातच येतो, पर्यटक व्हिसाही. काही अपवाद आहेत. त्यातला आपल्या कामाचा म्हणजे अमेरिकेतला वैध शिकार परवाना खिशात असणं. म्हणून दिराने आधी अभ्यासक्रम आणि परवाना करावा, वकिलाला एकदा विचारावं, मगच तुमच्या मागच्या मोकळ्या जागेत निशाणेबाजी. एका रविवारच्या हौसेपायी त्याचं इथलं राहणं धोक्यात घालू नका.

सासऱ्यांना रायफल देऊ नका. त्यांना चांगली दुर्बीण द्या, डिसेंबरातल्या पहाटे अंगावर घोंगडी टाकून फीडरसमोरच्या मचाणात बसवा, आणि थर्मासमध्ये आल्याचा चहा भरून द्या. उजाडताना चितळं ओढ्याकडून येतील. त्या वेळी तुमची रायफल घरी तिजोरीतच राहू दे.